घरातलं एकच पोट

आमच्या घरात पोट एकच होतं, बाबांचं. आईला आणि मला भूक लागायची तेवढीच. लग्नकार्यात नातेवाईक भेटले की माझ्या परीक्षेचं विचारण्याआधी ‘भाऊरावांचं पोट काय म्हणतं?’ अशी चौकशी व्हायची आणि उत्तर आई द्यायची, अगदी तपशीलवार. तीच आई पोटाच्या दुखण्यानं गेली, चौऱ्याऐंशी साली. मला त्याचा राग अजून येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

तिचं नाव विभावरी. एकोणसाठ साली वर्ध्याकडून लग्न होऊन जबलपूरला आली. बाबा फॅक्टरीत कारकून. त्यांचं पोट नाजूक आहे हे लग्न ठरतानाच माहेरी सांगून ठेवलेलं होतं, म्हणजे नंतर तक्रारीला जागा नको. मग आईनं तेच आपलं काम मानलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, वर भाजल्या जिऱ्याचं ताक. उन्हाळ्यात बेलाचं सरबत. झोपताना हिरड्याचं चूर्ण. गोहलपूरच्या पंसाऱ्याकडून, जडीबुटीच्या दुकानातून, ती बाळहिरडे एकेक निवडून आणायची, तुपात फुलवायची आणि स्वतः कुटायची. मिक्सरमध्ये त्याचा गुण जातो म्हणे.

तिला स्वतःला मात्र तिखट लागायचं. लाल मिरची-लसणाची चटणी कुटून ती एका वाटीत आपल्यापुरती ठेवायची आणि आमची जेवणं उरकली की चुलीशी बसून खायची. त्यावर बाबा नाक मुरडायचे.

ब्याऐंशी साली ती वाटी दिसेनाशी झाली. आई बाबांचाच मऊ भात आणि ताक घेऊ लागली. बाबा खूश झाले. ‘चला, इतक्या वर्षांनी तुला समजलं,’ म्हणाले. आई हसली. दोन-दोन प्रकार करायचा तिला कंटाळा आला असेल, असं मला वाटलं. मी तेव्हा बी.एड. करत होते, म्हणजे अगदी लहान नव्हते.

त्याच सुमारास बाबांचं चूर्ण लवकर संपू लागलं.

‘काहून संपून राहिलं इतक्यात? मी तर एकच चमचा घेतो.’

‘ओल लागली होती, फेकलं थोडं,’ आई म्हणाली. बाबांनी तिला झाकण घट्ट लावण्यावर भाषण दिलं. ती दुसऱ्याच दिवशी सदर बाजारातून नवी बरणी घेऊन आली.

एकदा दुपारी मी स्वयंपाकघरात शिरले तर ती बरणी उघडी ठेवून चमचा तोंडात घालत होती. दुसरा हात पोटावर.

‘आई, ते बाबांचं आहे ना?’ मी विचारलं. चोर पकडल्यासारखंच विचारलं.

‘चव पाहून राहिली होती, पुष्पा. कडू तर नाही झालं.’

हिरडा कधी गोड असतो का? पण मी मान हलवली आणि चहा मागितला. तिनं करून दिला.

पुढं दोन वर्षांनी एका सकाळी बाबांचं लिंबूपाणी देताना ती ओट्यापाशी खाली बसली आणि तिला उठवेना. आम्ही ऑटोनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, ‘पेट की तकलीफ कब से है?’

‘इनको तो शादी के पहले से है, डॉक्टर साहब,’ आई पडल्या पडल्या सांगू लागली. ‘हर्रे के चूरन से आराम रहता है.’

‘इनकी नहीं, आपकी.’

आईनं बाबांकडे पाहिलं. सांगू का, असं विचारावं तसं. ‘दो साल,’ ती म्हणाली. ‘जास्ती नहीं. थोडासा.’

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. एका जागी त्यांचा हात थांबला, पुन्हा तिथंच गेला. मग ते बाबांकडे वळले. ‘खाना क्या खाती हैं ये? कितना खाती हैं?’

आपल्या वरणातली डाळ किती शिजली ते घासागणिक सांगणारा तो माणूस टोपी हातात धरून माझ्याकडे पाहू लागला. मलाही सांगता येत नव्हतं.

‘खाती है,’ शेवटी ते म्हणाले. ‘हमारे बाद खाती है. हमने कभी देखा नहीं.’