पोळ्याला अडलेली मोटार

आमची मोटार म्हणजे एक नंबरची हट्टी. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधी मी ती दुसऱ्याने वापरून टाकलेली घेतली आणि शहाद्याच्या बाजाराला माणसं नेऊ लागलो. चालली की झकास चालायची, पण सकाळी सुरू व्हायचं तिच्या जिवावर यायचं. थंडीत प्लग काढून चुलीच्या निखाऱ्यावर शेकायचे, गरम आहेत तोवर परत बसवायचे आणि हँडल मारायचं. एवढं करूनही ऐकली नाहीच, तर वडिलांची बैलजोडी लावून ओढायची. वडील जोडी द्यायचे, पण तोंड वाकडं करून.

त्यांचं म्हणणं, ज्याला रोज दुसऱ्या जनावराने ओढायचं ते दावणीला हवं कशाला? पोळा जवळ आला तसं त्यांनी साफ सांगून टाकलं. बैलांच्या मागोमाग मोटार आपल्या जोरावर गावाने बांधलेल्या पोळ्याच्या तोरणाखालून गेली तर घरात राहील, नाहीतर विकायची. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. माझं तर धाबंच दणाणलं.

त्याच आठवड्यात मी बॉनेट उघडून बसलो होतो, तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले. हिचा जोर निघतो कुठून, असं विचारलं. मोटारीबद्दल कोणी विचारलं की मी सुटलोच! डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतले दोन बारीक पॉइंट दाखवले. म्हटलं, ठिणगीचा सगळा कारभार इथून चालतो, हे बिघडले की ही ठप्प. ते नुसतं 'हं' म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

पोळ्याला गावची बैलं शिंगं रंगवून, झुली घालून मारुतीच्या पारापाशी उभी राहिली. मागे हार घातलेली आमची मोटार, आदल्या दुपारीच तिथे आणून लावलेली. मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, तर फुस्स आवाजसुद्धा नाही. कोणीतरी म्हणालं, जोडी लावा. वडिलांनी हात आडवा केला. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, एवढं कोणाला सांगावं लागतं का? वाजंत्रीवाले खोळंबले, बाया पदराआड हसू लागल्या.

मनाला म्हटलं, बाबा रे, डोकं ठिकाणावर ठेव. पेट्रोलची नळी सोडून पाहिली, पेट्रोल येत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि एकाला हँडल फिरवायला लावलं. ठिणगी नाही. पावसाने उघडीप दिलेली, त्यामुळे ओल म्हणावी तर तीही नव्हती. मग करंट गेला कुठे? मी टोपी उघडली.

आत सगळं पिवळं. पॉइंटांवर हळद आणि तूप, अगदी चोळून चोळून लावलेलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे. वडिलांनी बैलांचे चोळले आणि त्याच हातांनी हिचाही चोळला, मी दाखवलेल्या नेमक्या जागी. विकून टाकतो म्हणणारा माणूस! मी मान वर केली तर ते मोटारीकडे बघत होते, आजारी जनावराकडे बघावं तसे. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

धोतराचा सोगा पेट्रोलमध्ये भिजवून पॉइंट पुसले, टोपी बसवली आणि हँडल मारलं. पहिल्याच फटक्यात धडधडायला लागली. बैलांच्या मागून, मान ताठ करून, ती तोरणाखालून गेली.

घरी आल्यावर बैलांना पुरणपोळी खाऊ घालून वडील मोटारीपाशी आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "खांदा दुखी ऱ्हायना व्हता का तिना?"

"हा, आबा. आते नही दुखस."

"मंग तूप लागू पडनं."

"लागू पडनं, आबा."

विकायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. पुढच्या पोळ्याच्या आधी मी त्यांना हाताला धरून नेलं आणि चाकांचा आस दाखवला. म्हटलं, हिचा खरा खांदा हा. मग दरवर्षी ते मोटारीखाली शिरून तो मनापासून चोळायचे. ते होते तोवर तो आस कधी करकरला नाही.