दादाच्या छातीवरची पट्टी

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या भावावर, मधुकरवर. साल १९९१, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अंबरनाथच्या आनंदनगरात एका केमिकल कंपनीत तो हेल्पर होता. भरलेलं पिंप अंगावर घसरलं आणि डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या.

आम्ही बौद्ध. घरात अंगारा-धुपारा, गंडा-दोरा कधी शिरू दिला नाही. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून बदलापूर ते उल्हासनगर वाटलीत. तेव्हा भुताखेतांच्या हौशीने हे लिहीत नाही. झालं ते सांगतोय.

कंपनीने दादाला उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका नर्सिंग होममध्ये टाकलं. डॉक्टरने छातीभोवती रुंद चिकटपट्टी करकचून आवळली. बरगडीला पट्टी, हीच तेव्हाची रीत! "पसली है, अपने आप जुड़ेगी. हिलना नहीं." दुखण्यावर गोळ्या. दादाला खोकता येईना. कफ आत घुरघुरायचा, श्वास निम्म्यावर अडायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंपनीच्या गेटवर अपघाताची पत्रकं वाटत होतो. बोलायला तोंड उघडलं आणि... छाती आवळली. काखेखालून पाठीपर्यंत, पट्टीसारखी. शर्टाची बटणं तोडली, बनियन वर केलं — अंगावर काहीच नाही! श्वास आत जाईना. दादाचा दोस्त कदम म्हणाला, "गॅस झालाय रे तुला. भाषणं कमी कर, सोडा पी."

सोडा आणायला तो वळला आणि माझी डावी बाजू बधिर झाली. दात काढताना हिरडी होते ना, तशी. श्वास खोल गेला.

तसाच कॅम्प एकला पळालो. दादा उठून बसला होता! खोकत होता, चहा मागत होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, कल्याणच्या भूल देणाऱ्या बाई कुणाच्या तरी ऑपरेशनला आल्यात. ह्यांना बघून भडकल्याच. पट्टी कापली, अन् एकेका मोडक्या बरगडीखाली सुई दिली. तिथली नसच झोपवली म्हणे."

बाई कापूस फिरवून दादाला विचारत होत्या, कळतंय का. मी शर्ट वर केला. "बाई, माझ्यावर पण फिरवा."

फिरवला. मला कळलाच नाही. सुईचं टोक लावलं, तेही नाही.

"तुम्हाला इंजेक्शन कुणी दिलं?" बाईंचा आवाजच बदलला. जाताना डॉक्टरला बजावून गेल्या, "असर उतरायला लागला की मला बोलवा. पुन्हा देते. पट्टी बांधायची नाही."

संध्याकाळी माझी बाजू पेटली. दादा मात्र अजून हसत होता. मी डॉक्टरला गाठलं, "बाईंना बोलवा, असर उतरतोय."

"पेशंट को दर्द नहीं, तेरे को है? तू क्या ज्योतिषी है?"

मी... ज्योतिषी!

थोड्याच वेळात दादा कण्हू लागला. "वो सिर्फ ऑपरेशन के लिए आती हैं," म्हणून बाईंना बोलावलंच नाही. पुन्हा पट्टी. दोन दिवसांत न्यूमोनिया झाला. दादा आत आणि मी बाहेर बाकावर, दोघंही अर्धे अर्धे श्वास घेत बसलेलो. बाईंचा पत्ता डॉक्टर देईना. शेवटी कदमने कुठून तरी काढला आणि सकाळीच मी रिक्षाने कल्याणला निघालो.

शहाडच्या पुलावर माझी छाती सुटली.

या वेळी बधिरपणा नव्हता. नुसता श्वास आला, पुरा, छाती भरून. मी कितीतरी वेळ तो सोडलाच नाही.

मग रिक्षावाल्याला म्हटलं, "भाई, वापस ले." सुई द्यायला आता दादा उरला नव्हता.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. चार डॉक्टरांना विचारलं, एक तर हसलाच. भूत मी आजही मानत नाही. मग माझ्या कातडीवर काय आलं होतं, ते मला सांगता येत नाही.

तुम्हीही सांगू नका. एवढंच करा. तुमच्या माणसाच्या बरगड्या मोडल्या आणि कुणी पट्टी घेऊन आलं, तर दारात आडवे बसा. विचारा, नस बधिर करणारी सुई देणारा कुठे आहे? तो येईपर्यंत उठू नका. पहिल्या सुईचा असर उतरला की पुन्हा बसा.