तीन वर्षं सिम बदलायचं नाही

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस फोन काउंटरवर ठेवतो, हात रिकामे होतात, मग त्याला करमत नाही आणि तो घरचं सांगायला लागतो. स्क्रीन बदलून होईपर्यंत मला त्याची बायको, मेव्हणा, बांधाचा शेजारी, सगळे तोंडपाठ झालेले असतात. येरमाळ्याला स्टँडसमोर माझं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत जमलेल्या गोष्टी आठवायला बसलो तर निम्म्या एकाच स्कीमच्या निघतात.

माझ्या शेजारच्या गाळ्यात इरफान नवे फोन विकतो. एका सिमकार्डवाल्या कंपनीनं त्याला ती स्कीम दिली होती. फोन निम्म्या किमतीत न्यायचा, पण तीन वर्षं त्याच कंपनीचं सिम चालवायचं. दुसरं सिम घातलं तर फोन ते घेतच नाही. महिन्याचं रिचार्ज चुकलं की फोनला कुलूप. आणि ते रिचार्ज साध्या रिचार्जपेक्षा बरंच महाग. तीन वर्षांची बेरीज केली तर सूट मिळालेली सगळी परत जाते आणि वर आणखी एक बरा फोन आला असता एवढे पैसे जातात. हे मी इरफानला पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "भाई, बेरीज करून कुणी फोन घेतो का?"

ते मात्र खरं होतं.

*

इरफानला पहिल्यांदा कुणी अडवलं असेल तर काशीबाईनं. काशीबाई स्टँडवर केळी विकते. इरफाननं तिला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि मावशी, कंपनी जवळजवळ फुकटच देतीय, असं बराच वेळ समजावलं. तिनं फोन उलटासुलटा करून बघितला. किंमत विचारली नाही, हप्ता विचारला नाही, काहीच नाही.

इरफानची आई त्याचा डबा घेऊन आली होती आणि मागं स्टुलावर बसली होती. तिच्या हातात जुना बटणांचा फोन होता, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. काशीबाईची नजर तिथं गेली.

"एवढं फुकट हाय, तर आईला का न्हाय रं दिला?"

इरफान खोक्यांवरची धूळ पुसायला लागला. मागून आईचा आवाज आला, "मैं बी कबसे येइच पूछ री."

*

दत्ताची वस्ती गावापासून आत, ओढ्याच्या पलीकडं. तिथं बाकी सगळ्या कंपन्यांची रेंज येते, फक्त स्कीमवाल्या कंपनीची येत नाही. हे त्याला फोन घेतल्यावर कळलं. मग तो रोज संध्याकाळी येडेश्वरीच्या टेकडीवर जायला लागला, कारण वर रेंज फुल्ल. त्याची आई खूश झाली. पोरगं देवाला लागलं, असं तिनं पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकलं.

बायकोला, सुनीताला, मात्र हे पटेना. दर्शनाला जाणारा माणूस नारळ नेतो, हा चार्जर घेऊन जातो, हे तिनं पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

एक दिवस ती मागोमाग गेली. दत्ता देवळाच्या मागच्या पायरीवर बसलेला. फोन कानाला. बोलत काहीच नव्हता, नुसता ऐकत होता, आणि बराच वेळ ऐकत होता. तिनं फोन हिसकावून स्वतःच्या कानाला लावला. पलीकडून एक बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया थोडी वाट पाहा."

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात. दत्ताचा चेहरा उतरलेला. रेंजची तक्रार करायला कंपनीला फोन लावला होता, ती बाई म्हणजे बाई नाही, रेकॉर्ड केलेला आवाज आहे, एवढं मी सुनीताला सांगावं, अशी त्याची विनवणी होती. मी सांगितलं. स्पीकरवर लावून ऐकवलंसुद्धा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "मशीन हाय ते पटलं. पर मशीनला एवढं गोड बोलायची काय गरज हाय, ते सांगा."

आता टेकडीवर ती स्वतः जाते, कंपनीशी भांडायला. सासू म्हणते, सूनपण देवाला लागली.

*

पिठाच्या गिरणीवाल्या शिवाजीरावांचा स्कीमचा फोन बाजारात चोरीला गेला. पुढं काही आठवड्यांनी एक अनोळखी माणूस माझ्याकडं फोन घेऊन आला. कुलूप पडलं होतं, उघडून द्या म्हणाला. फोनचा कोपरा मी स्वतः चिकटवलेला, लगेच ओळखला. त्यानं विचारलं, रिचार्ज मारलं तर उघडंल का? म्हटलं, उघडंल की. पण दर महिन्याला मारावं लागंल, स्कीम संपेपर्यंत. आणि सिम बदलता येणार नाही.

त्यानं किती महाग रिचार्ज ते विचारलं. मी आकडा सांगितला. थोडा विचार करून तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," आणि स्टँडात उभ्या असलेल्या बसमध्ये चढून गेला.

मी शिवाजीरावांना निरोप धाडला. मला वाटलं, पेढे घेऊन येतील. ते आले, काउंटरवरचा फोन बघितला आणि स्टुलावर बसले. बराच वेळ कपाळ चोळत होते.

"घावला व्हय," म्हणाले. "म्या समजलो, सुटलो."

*

ही पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही, पण याच स्कीमची आहे.

प्रियंका धाराशिवला कॉलेजला होती, तिचं ढोकीकडच्या एका मुलाशी लग्न जमलं होतं. सुपारी फुटली आणि मुलानं तिला फोन भेट दिला. इरफानकडूनच घेतलेला, स्कीमचा, मुलाच्या नावावर. रिचार्जही तोच मारायचा. घरचे खूश होते, एवढा जीव लावणारा मुलगा मिळाला म्हणून.

एक दिवस ती मैत्रिणीला घेऊन दुकानात आली. काम काही नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, फोन त्यांच्या नावावर आहे, तर मी कुणाला फोन करते ते त्यांना दिसतं का? मी म्हटलं, कंपनीच्या अ‍ॅपवर ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याला यादी दिसते. कोणता नंबर, किती वेळ, सगळं. पण प्रत्येकजण काही उघडून बघत नाही.

"बघूया," ती म्हणाली.

तिच्या एका मावशीनं नुकताच नवा नंबर घेतला होता. तो नंबर अजून कुणाकडंच नव्हता. प्रियंकानं दुपारी मावशीला फोन लावला आणि दोघी पोट भरून बोलल्या. संध्याकाळी मुलाचा फोन आला. जेवलीस का, अभ्यास झाला का, असं सगळं विचारून झालं आणि मग त्यानं सहज विचारलं, दुपारी एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस?

तिनं लग्न मोडलं. मुलाकडचे लोक येऊन बसले, एका फोनपायी जमलेलं मोडता का, म्हणाले. तिच्या वडिलांनाही ते पटत होतं. प्रियंकानं आतून खोकं आणलं. फोन, चार्जर, वरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा होता तसा. ते मुलाच्या आईच्या हातात दिलं.

"फोन चांगला आहे," ती म्हणाली. "मी त्यांना उत्तर दिलं असतं तर जन्मभर देत बसले असते."

यंदा ती कळंबच्या शाळेत शिकवते. स्वतःच्या पैशानं साधा फोन घेतला. स्क्रीनगार्ड लावायला माझ्याकडंच आली होती. कनेक्शन स्वतःच्याच नावावर आहे ना, हे तिनं दोनदा तपासून घेतलं.

*

ज्ञानोबा तात्या दर महिन्याला येतात. त्यांच्या वस्तीवर कुठल्याच कंपनीची रेंज नाही. साधा बटणांचा फोन घेऊन ते माझ्या दारात, पत्र्याच्या सावलीला उभे राहतात. फोन येतो, बोलतात आणि जातात. माझ्याकडं त्यांचं काम कधीच नसतं.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यांचं बोलणं कानावर पडलं. ते तळहाताकडं बघून आकडे वाचत होते. चार, म्हणाले. मग दोन. हातावर बॉलपेननं लिहिलेला ओटीपी. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. त्याच्या आधीच गावातल्या एका माणसाचं खातं असंच रिकामं झालं होतं. मी काउंटरवरून उडी मारली, फोन हिसकावला आणि कट केला. तात्या, असले आकडे कुणाला सांगायचे नसतात, लुटतील तुम्हाला, म्हणून ओरडलो.

तात्यांचा चेहरा पांढरा पडला. "तोडला व्हय? आता त्यो परत लावायचा न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. वैभव, त्यांचा एकुलता एक मुलगा. शेती करायची का नाही यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो पुण्याला निघून गेला. आईच्या तेराव्यानंतर तर बोलणंच बंद. पण त्याच्या हातातला फोन तात्यांच्या नावावर, स्कीमचा. रिचार्ज तो तिकडून मारतो, पण पगार झाल्यावर, म्हणजे कुलूप पडल्यावर; आणि फॉर्मवर तात्यांचा नंबर असल्यानं कुलूप उघडायचा कोड बापाच्या नंबरावर येतो. म्हणून महिन्यातून एकदा त्याला दुसऱ्याचा फोन मागून बापाला फोन लावावाच लागतो.

फोन परत वाजला. मी तात्यांच्या हातात दिला. पलीकडून पोरगं चिडलेलं ऐकू आलं, मधेच कट का केला, काही मिनिटांत कोड बाद होतो.

"चुकून झालं," तात्या म्हणाले. "घे. चार. दोन."

आणि थांबले.

"जेवतूस कुठं?"

पलीकडं काहीतरी उत्तर आलं.

"बरं. सात. पाऊस हाय का तिकडं?"

परत उत्तर आलं, यावेळी जरा मोठं.

"इकडं बी हाय. सोयाबीन बरं हाय. शून्य."

मी आत जाऊन बसलो. दुरुस्तीला उघडलेला फोन तसाच ठेवला. त्यानंतर तात्या आले की मी दुकानातला पंखा बंद करतो, बाहेर त्यांना नीट ऐकू यावं म्हणून. महिन्यामहिन्यानं दोन आकड्यांमधलं बोलणं लांबत गेलं. एकदा तर पोरगंच काहीतरी सांगत होतं आणि तात्या शेवटचा आकडा मुठीत धरून नुसते ऐकत होते.

परवा इरफान हसत हसत बाहेर आला. स्कीम संपलेल्या माणसाला तो स्वतः बातमी देतो, लोक त्याला चहा पाजतात. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पुढच्या महिन्यात तुमची तीन वर्षं पुरी होतात. फोन मोकळा. कोड नाही, काही नाही. आता पोरगा कुठलंही सिम घालू शकतो.

तात्यांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी इरफानला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "वाढवून मिळत न्हाय का?"