गोलकीपरचा वाढदिवस

सुखना तलावावर रोज भेटणारे एक सरदारजी जुन्या हॉकीपटूंचे वाढदिवस पाळतात. त्या दिवशी लाडू वाटतात, हयात असेल त्याला फोन लावतात.

परवा विचारलं, "आज किसका, जी?"

"उस गोलकीपर का. फायनल में गोल खाया था ना?"

ती फायनल फौजेच्या मेसमध्ये टीव्हीवर पाहिल्यापासून त्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. माझा आवाज सगळ्यांत मोठा. हे मी सरदारजींना हसत हसत सांगितलंही होतं. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "मेजरसाब, विश करो."

मी शुभेच्छा दिल्या. थकलेला आवाज म्हणाला, "आपने वो मैच देखा था?"

"नहीं जी."

"फिर तो घर आइए कभी."

मी फोन पुढे केला. सरदारजींनी फोन घेतला. "कल ही आएँगे, जी!"