एवारिस्तोच्या शटरवरचं पोस्टर

अर्जेंटिनातल्या रोसारिओत, आमच्या गल्लीत एवारिस्तो बेर्तोलोत्तीला लोक मागून खुळा म्हणत. संध्याकाळी शटर ओढलं की तो आत कान लावून बसे. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी उठून कडी काढी आणि विचारी, "सिक्स्तो, तू आहेस?" सिक्स्तोला पुरून वर्षं लोटली होती. मी शेजारची शिंपीण. भिंतीपलीकडून ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

दोघं लहानपणापासूनचे मित्र. एवारिस्तो किराणावाला, तेव्हा सत्तेत असलेल्या रॅडिकल पक्षाचा हाडाचा माणूस. सिक्स्तो रेल्वेच्या कारखान्यात, विरोधातल्या पेरोनच्या पक्षाचा, तोही हाडाचा. रोज संध्याकाळी दुकानात यर्बाच्या पाल्याचा कडू काढा, तुंबा एक आणि नळीही एकच. एवारिस्तो गरम पाणी ओतायचा, सिक्स्तो ओढून तुंबा परत द्यायचा. परत देताना "आभारी आहे" म्हटलं की पुरे झालं, आता नको, अशी आमची रीत. सिक्स्तो ते कधी म्हणत नसे. किटलीतलं पाणी संपलं की उठायचा.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात सिक्स्तोचा पक्ष निवडून आला, पण शपथ डिसेंबरात. जाणारे आणि येणारे एकमेकांकडे बोट दाखवत बसले. इकडे सकाळी लिहिलेला भाव दुपारी पुसावा लागे.

"तुझ्या साहेबानं देशाचं वाटोळं केलं," सिक्स्तो म्हणायचा.

"मग तुझ्या साहेबानं घ्यावी की खुर्ची. घोडं अडलंय कुठं?"

"आधी तुमचं खरकटं तुम्ही काढा."

एकदा एवारिस्तोला तेलाच्या बाटल्या मागच्या खोलीत लपवताना सिक्स्तोनं पाहिलं. "साठेबाज झालास, लेका? लोक उपाशी आहेत."

"तुझेच लोक ना? आण मग त्यांना लुटायला."

सिक्स्तोनं अर्धा भरलेला तुंबा फळीवर ठेवला. "आभारी आहे," म्हणाला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात लुटालूट सुरू झाली. भर दुपारी पलीकडच्या चौकात दुकानं फोडल्याचा आवाज येत होता. सिक्स्तो धावत आला, हातात खळीचा डबा आणि नव्या अध्यक्षाचं पोस्टर. एवारिस्तोच्या शटरवर ते चिकटवता चिकटवता मला म्हणाला, "नोएमीबाई, तुम्हीही एक लावा. आपल्यातलं घर म्हणून सोडतील."

एवारिस्तोनं फटीतून फक्त पोस्टरवरचा तो चेहरा पाहिला. शटर वर करून त्यानं पोस्टर टराटरा फाडलं. "माझ्याच दारात मिरवतोस?"

तेवढ्यात जमाव वळणावर आला. सिक्स्तोनं एवारिस्तोला आत ढकललं, शटर खाली ओढलं आणि शटरला पाठ लावून उभा राहिला. "हे दुकान आपल्यातलं आहे," तो ओरडला.

"मग पोस्टर कुठंय?" कुणीतरी विचारलं.

एक दगड सिक्स्तोच्या कपाळावर बसला. सिक्स्तोनं मागं हात नेऊन पत्र्यावर थापा मारल्या. मी खिडकीतून किंचाळत होते, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो. एवारिस्तोला वाटलं, जमाव दार फोडतोय. त्यानं आतून कडी घातली.

रक्त पाहून जमाव पांगला. दुकान वाचलं, सिक्स्तो वाचला नाही.

जुलैत खुर्ची पाच महिने आधीच बदलली. टीव्हीवर दोघे अध्यक्ष हसत एकमेकांना भेटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच करायचं होतं तर मे महिन्यात का नाही केलं, मेल्यांनो?

एवारिस्तोनं पोस्टरचे तुकडे जोडून शटरला आतून चिकटवले. त्याच्या पक्षाचे लोक म्हणाले, म्हातारा फिरला.

परवा संध्याकाळी मी त्याच्या दुकानात होते, बाहेर वारा सुटला होता. थापा ऐकून मीच शटर वर केलं. गल्लीत कुणी नव्हतं. वळून पाहते तो एवारिस्तो रिकाम्या खुर्चीपुढं तुंबा धरून बसलेला.

"अर्धाच प्यालास त्या दिवशी," तो म्हणत होता. "राग गिळ आणि एवढा संपव."

मला राहवलं नाही. त्या खुर्चीवर बसले, गार झालेला काढा शेवटपर्यंत ओढला आणि तुंबा परत दिला. आभारी आहे म्हणाले नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. किटली उचलली आणि पुन्हा पाणी ओतलं.