परवान्यांचे पाणकर

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत, परवाना मिळालेले आणि परवान्याची वाट पाहणारे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा ही माझ्या पत्रिकेची करामत. परवाना म्हणजे बंदुकीचा नव्हे, दारूचा तर नव्हेच; ते चहाच्या पुढे कधी गेले नाहीत. लाखनीला हमरस्त्याला लागून धान खरेदीची एक सहकारी संस्था आहे, तिथले संगणक ते सांभाळतात. संस्थेचं सगळं काम मुख्य कार्यालयातल्या एका सर्व्हरवर चालतं. एकोडी, सिहोरा अशा केंद्रांवरचे संगणक दुरूनच त्याला जोडले जातात, आणि जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या नावे एक परवाना लागतो. परवाने मोजके, मागणारे फार, आणि मध्ये आमचे साडभाऊ मांडी ठोकून बसलेले.

हा गुण त्यांच्या रक्तातलाच. त्यांचे आजोबा गावच्या तलावाचे पाणकर होते. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे पाणकर ठरवायचा, आणि रिवाज असा की त्याची स्वतःची बांधी सगळ्यांच्या शेवटी भिजायची. साडभाऊंनी तलाव सोडला, पण पाणी वाटणं काही सुटलं नाही. "भाऊ, परवाना म्हंजे पान्याची पाळी हाये," ते मला दर दिवाळीला नव्याने समजावतात. "ज्यानं बोंब मारली त्याले नाही, ज्याची पाळी त्याले." संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा घरच्या लॅपटॉपवरून, व्याह्यांवर छाप पाडावी म्हणून, सर्व्हर दोनदा उघडून दाखवला आणि एक परवाना त्या लॅपटॉपच्या नावावर जाऊन बसला. साडभाऊंचा फोन भर जेवणात गेला, "साहेब, तुमी पाट फोडला!" व्याह्यांसमोर पाणीचोर ठरलेले अध्यक्ष हा किस्सा सांगताना आजही दोन्ही कानांना हात लावतात.

संगणकांना नंबर देणं त्यांना पटत नाही. त्यांनी प्रत्येकाला धानाच्या जातीचं नाव ठेवलंय. त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचा चिन्नोर, सिहोऱ्याचा लुचई, एकोडीचा दुबराज. "लुचई आज सकाळपासून सर्व्हरवर बसला नाही, तब्येत बरी नसंन," असं ते जेवताना काळजीने म्हणतात तेव्हा पाहुणे हळूच माझ्याकडे बघतात. माझा जावई लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून साडभाऊ म्हणाले, "पह्यल्यांदा आला त्याले तात्पुरता परवाना. दुसऱ्यांदा आला का पक्का!" सर्व्हर नव्या संगणकाला असंच वागवतो म्हणे. जावई बिचारा हसला खरा, पण दुसऱ्यांदा यायला त्याने अंमळ जास्तच घाई केली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आम्हाला उलगडत नव्हती. महिना-दीड महिन्याने, सुटीच्या दिवशी, साडभाऊ मोटरसायकल काढून एकोडीला जायचे. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, फणकाऱ्याने म्हणायची, "एकोडीले काय सोन्याची खान लागली का?" शेवटी एकदा तिनेच मला त्यांच्या मागे बसवून धाडलं. केंद्रात एका कोपऱ्यात जुना संगणक होता, दुपट्ट्याने झाकलेला. साडभाऊंनी दुपट्टा काढून त्याची घडी केली, बटण दाबलं आणि आम्ही वाट पाहत बसलो. दोनदा चहा झाला तेव्हा कुठे पडदा उजळला. त्यांनी सर्व्हर जोडला, घटकाभर नुसतं पाहिलं, "राम राम गा," म्हणाले, आणि बंद करून पुन्हा दुपट्टा घातला.

दुबराज तो हाच. त्याच्यावर बसणारा कारकून साडभाऊंचा जिवाचा दोस्त होता. सर्व्हर बसवला त्या दिवशी पहिला परवाना साडभाऊंनी त्यालाच दिला होता, आणि पुढे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दुबराज जोडला जायचा. मग फोनवर दोघांच्या गप्पा, त्यात कामाचं एक अक्षर नसे. गेल्या पावसाळ्यात तो दोस्त गेला. "मशीन लय दिवस जोडलीच नाही तं परवाना आपोआप परत येते," साडभाऊ परतताना म्हणाले. "म्हून येऊन जातो." मी विचारलं, परत आला तर बिघडलं काय? त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "बसू द्या ना त्याले. कोनाचं काय खाऊन राहिला तो?"

खाऊन राहिला नव्हता, तोवर ठीक होतं. यंदा धान खरेदी सुरू झाली आणि एकोडीला नवी मुलगी कामावर आली, नव्या संगणकासकट. तात्पुरत्या परवान्यावर तिचं काही दिवस भागलं, मग त्याची मुदत संपली. नवे परवाने घ्यायचे तर संचालकांची सभा व्हायला हवी होती. मी त्या दिवशी साडभाऊंच्या टेबलाशीच बसलो होतो. फोनवर मुलगी रडकुंडीला आली होती, "काका, लॉगिनच होत नाही जी! परवाना नाही म्हून सांगून राहिलं. बाहेर ट्रॅक्टर उभे हायेत, लोकांचं धान उघड्यावर पडलं हाये, अन् आभाळ भरून आलं." तेवढ्यात अध्यक्ष आत आले. त्यांनी समजुतीच्या आवाजात सांगितलं, "दुबराजचा काढा अन् तिले द्या. मेलेल्या मानसाले कायचा परवाना?"  साडभाऊंचा चेहरा पाहवेना, म्हणून मी काहीतरी सबब सांगून उठलो. संध्याकाळी कळलं, मुलीला परवाना मिळाला, पाऊस यायच्या आत धान मोजून गोदामात गेलं. चला, सुटला एकदाचा दुबराज, असं मी बायकोला सांगितलं, आणि सांगताना मलाच वाईट वाटलं.

आठवड्याने लाखनीला गेलो, तर साडभाऊंची खुर्ची रिकामी. टेबलावर चिन्नोर बंद, त्याच्यावर दुपट्टा. शिपायाने सर्व्हरच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खोली म्हणजे काचेची पेटीच, आणि यंत्र तापू नये म्हणून आत रात्रंदिवस एसी. तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर, स्वेटर घालून आणि कानटोपी ओढून, आमचे साडभाऊ थेट सर्व्हरपुढे बसून काम करत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सर्व्हरच्या उरावर बसलं का परवाना लागत नाही," ते नाक ओढत म्हणाले. "माह्या टेबलाचा काढला अन् पोरीले देला. दुसऱ्यायसाठी वरून दोन शिफारशी आल्या होत्या, पन पाळी तिची होती."

"आणि दुबराज?"

"हाये ना." त्यांनी पडद्यावरच्या नावाकडे हळूच बोट नेलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "पानकराची बांधी शेवटीच भिजते, भाऊ."

त्यांची थट्टा करायला माझ्याकडे एरवी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी मात्र मी काचेच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांच्यासाठी गरम चहा सांगितला, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

संचालकांची सभा अजून व्हायची आहे. कानटोपी अजून डोक्यावर आहे. गेल्या रविवारी मीच त्यांना फोन करून विचारलं, एकोडीला कधी निघायचं. आम्ही गेलो, दुपट्टा काढला, चहा मागवला, मग दुसरा मागवला. पडदा उजळला तेव्हा साडभाऊंना सर्दीने बोलता येईना, त्यामुळे राम राम मीच म्हणालो.