ट्यूबचा हार

पंक्चरवाल्याच्या सोल्युशनचा वास आला की मला शेवगावच्या घरातला, शहाण्णव सालचा माझा बघायचा कार्यक्रम आठवतो. पाहुण्यांसमोर घालायला आईनं शेजारच्या काकूंचा सोन्याचा हार मागून आणलेला. मी तो डब्यातच ठेवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीत पितळी वायसर ओवून स्वतः केलेला हार घालून पोहे घेऊन गेले. मुलाची आई चष्मा सावरत म्हणाली, "हे काय गं गळ्यात, बाई?" मी तिच्याच नाकातल्या आवाजात म्हणलं, "सायकलची ट्यूब हाय, बाई. मीच केलंय." मुलाला हसू फुटलं, पण तिला न्हाई. "म्हंजे घरात सोनं न्हाई का?" "हाय की, शेजारच्यांच्या." नकार आला तेव्हा आई म्हणाली, "आता कोन करील गं तुला?" मी उरलेल्या ट्यूबचे झुमके कापत होते. आजही मी उसनं काही घालत नाही.